वजन, हेटाळणी आणि हातातला फोन

वजन जास्त असलेल्या माणसाला आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, कपड्यांच्या दुकानात, शाळेतल्या खेळाच्या तासाला तो आपणहून चालत येतो. 'कुठल्या चक्कीचं पीठ खातोस?', 'अंगाने फार सुटलीस गं', 'लग्नाआधी थोडं उतरवायला हवं हं' ही वाक्यं बोलणाऱ्याला आपुलकीची वाटतात. ऐकणाऱ्याच्या मनात ती वर्षानुवर्षं घर करून राहतात. हाडकुळ्या माणसाचीही सुटका नाही. त्याला 'पाप्याचं पितर' म्हणतात, वारा आला तर उडून जाशील म्हणतात. वधूच्या माहितीपत्रकात बांधा 'सडपातळ' आहे की नाही, याला शिक्षणाइतकीच जागा मिळते. आपल्या सिनेमा-नाटकांत जाड पात्र बहुतेक वेळा हशा पिकवण्यासाठीच येतं. सचिन कुंडलकर यांच्या २०१६ सालच्या 'वजनदार'सारखा, वजन जास्त असलेल्या तरुणींच्या मनाकडे पाहणारा चित्रपट अपवादच.

हे पुस्तक या हेटाळणीबद्दल आहे. तिच्यावर उतारा म्हणून फोनमधल्या अ‍ॅपचा उपयोग होऊ शकतो का, आणि त्याच अ‍ॅपमधून अंगाला मानवणाऱ्या चांगल्या सवयी कशा रुजवता येतील, याबद्दलही आहे. हे दोन विषय वेगळे वाटतील, पण ते एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. माझं म्हणणं थोडक्यात असं: लाजवून कोणाचीही प्रकृती सुधारत नाही. जे अ‍ॅप माणसाला लाजवतं ते आरोग्याचं साधन नाही, आणि जे लाजेचं ओझं उतरवतं ते वजनकाटा जागचा हलला नाही तरी उपयोगाचंच आहे.

टोमण्यामागे एक समजूत असते. चारचौघांत बोललं की माणसाला लागेल, लागलं की तो खाणं आवरेल, चालायला लागेल. ही समजूत खरी की खोटी, हे संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सारा जॅक्सन, रेबेका बीकन आणि जेन वॉर्डल यांनी इंग्लंडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या २,९४४ लोकांची चार वर्षांची माहिती २०१४ मध्ये मांडली. वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन सरासरी ०.९५ किलोने वाढलं होतं. ज्यांना तशी वागणूक मिळाली नव्हती, त्यांचं सरासरी ०.७१ किलोने कमी झालं होतं. अमेरिकेत अँजेलिना सुटिन आणि अँतोनियो तेरासियानो यांनी २०१३ मध्ये असंच चित्र मांडलं. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला, ते पुढच्या काही वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. २०११ मधल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या स्त्रियांच्या एका गटाला जाड माणसांची टिंगल करणारी चित्रफीत दाखवली आणि दुसऱ्या गटाला साधी. मग दोन्ही गटांसमोर खाऊ ठेवला. टिंगल पाहिलेल्या स्त्रियांनी दुसऱ्या गटाच्या तिपटीहून जास्त उष्मांक खाल्ले.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. अपमान झाला की शरीर तो ताण म्हणूनच घेतं. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, झोप बिघडते, गोड आणि तेलकट खाण्याची ओढ वाढते. शरीराइतकंच मनही आपला मार्ग शोधतं. जिच्या चालण्याकडे लोक टक लावून पाहतात ती सकाळी मैदानावर जायचं टाळते. ज्याच्या ताटाकडे सगळ्यांची नजर असते तो लपून खातो. दवाखान्यात गुडघा दुखतो म्हणून गेलं तरी 'आधी वजन कमी करा' एवढंच ऐकायला मिळतं, मग तपासणीच लांबणीवर पडते आणि बरा होण्यासारखा आजार हाताबाहेर जातो. हेटाळणीचं खरं नुकसान इथे आहे. ज्या ज्या वाटेने माणूस निरोगी होऊ शकला असता, ती प्रत्येक वाट लाज अडवून धरते. म्हणूनच २०२० साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात जगभरच्या तज्ज्ञांनी वजनावरून होणाऱ्या हेटाळणीविरुद्ध एकत्रित निवेदन प्रसिद्ध केलं आणि शंभरहून अधिक वैद्यकीय व वैज्ञानिक संस्थांनी त्याला पाठिंबा दिला. वजन ही केवळ इच्छाशक्तीची बाब आहे, या लोकप्रिय समजाला आजच्या विज्ञानाचा आधार नाही, हे त्या निवेदनाचं सार होतं.

वजन ठरतं तरी कशाने? त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला आणि भूक ही स्वभावाची खोट नसून मेंदू व चरबी यांच्यातलं एक काटेकोर संभाषण आहे, हे स्पष्ट झालं. काही स्टेरॉइड्स, मनोविकारांवरची काही औषधं आणि इन्सुलिन यांनी वजन वाढतं. रात्रपाळी, अपुरी झोप, फुटपाथ नसलेले रस्ते, स्वस्त तळलेले पदार्थ आणि महाग फळं या सगळ्यांचा हिशोब त्या एका आकड्यात मिसळलेला असतो. माणसाच्या हातात काहीच नसतं, असा याचा अर्थ नाही. हातात आहे त्याहून कितीतरी जास्त दोष आपण त्याच्या पदरात टाकतो, एवढाच अर्थ आहे.

तो आकडाही आपण समजतो तेवढा बोलका नाही. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमचे गणिती अ‍ॅडॉल्फ केटले यांनी दिलं. त्यांना समाजातला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कोणावर उपचार करायचे नव्हते. अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये या सूत्राला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिलं आणि हळूहळू ते प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर जाऊन बसलं. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ते सोयीचं आहे. एका माणसाच्या प्रकृतीबद्दल ते फार कमी सांगतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा पुण्यातून आला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये याज्ञिक यांच्या चमूने गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास केला, त्यात हे वेगळेपण जन्मापासूनच दिसलं. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने हलकी, तरी त्या मानाने त्यांच्या अंगावरची चरबी फारशी कमी नाही. वरून बारीक आणि आतून चरबीदार असा हा भारतीय बांधा. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी धोक्याची पातळी बीएमआय २३ वर आणली आणि कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर या मर्यादेत असावा असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सेस्को रुबिनो यांच्या नेतृत्वाखालच्या ५६ तज्ज्ञांच्या लॅन्सेट आयोगानेही केवळ बीएमआयवरून एखाद्याला रोगी ठरवू नये असं म्हटलं. शरीराच्या कामात प्रत्यक्ष बिघाड झाला आहे का, हे आधी पाहा, असा त्या आयोगाचा आग्रह आहे.

या संशोधनाचा हेटाळणीशी थेट संबंध आहे. नुसत्या नजरेने माणसाची प्रकृती जोखायची सवय जाड आणि बारीक अशा दोघांनाही मारते. जाड दिसणाऱ्याला ती आजारी ठरवते, मग तो रोज तासभर पोहत का असेना. बारीक दिसणाऱ्याला ती निरोगी ठरवते, आणि त्याचा मधुमेह डोळ्यांवर किंवा मूत्रपिंडावर परिणाम होईपर्यंत कळत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिअ‍ॅब पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांतले कितीतरी जण कोणाच्याही डोळ्यांत 'जाड' नसतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता आणि १८.७ टक्के स्त्रिया कृश होत्या. एकाच देशात, कित्येकदा एकाच घरात, या दोन्ही स्त्रिया राहतात. दोघींनाही टोमणे मिळतात, दोघींनाही नीट तपासणी मिळत नाही.

आता फोनकडे येतो. आरोग्याच्या अ‍ॅपनी या परिस्थितीत भर घातली आहे की आधार दिला आहे? प्रामाणिक उत्तर असं की, दोन्ही.

आधी भर घातली ती कशी, हे पाहू. ऑक्टोबर २०१७ मध्ये गुगल मॅप्सने आयफोनवर एक सोय आणून पाहिली. अमुक ठिकाणी चालत गेलात तर किती उष्मांक जळतील आणि ते किती छोट्या कपकेकइतके होतील, हे नकाशावर दिसू लागलं. रस्ता विचारणाऱ्याला न मागता दिलेला हा हिशोब खाण्याच्या विकारांतून सावरणाऱ्यांना फार लागला. टीका झाली आणि ती सोय लगेच मागे घेतली गेली. पूर्वी वेट वॉचर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी कुर्बो नावाचं अ‍ॅप आणलं. त्यात खाण्याला लाल, पिवळे, हिरवे दिवे दिलेले होते. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात त्याच्या जेवणावरचा लाल दिवा देणं म्हणजे त्याला आयुष्यभर अन्नाची भीती शिकवणं, असं म्हणत पालक आणि तज्ज्ञ विरोधात उभे राहिले. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीविना गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. मार्च २०२२ मध्ये कंपनीला १५ लाख डॉलर भरावे लागले, ती माहिती पुसावी लागली आणि तिच्यावर बेतलेले अल्गोरिदमही नष्ट करावे लागले. खाण्याचे विकार असलेल्या १०५ जणांच्या एका अमेरिकी अभ्यासात, २०१७ साली, सुमारे ७५ टक्के लोकांनी उष्मांक मोजणारं एक लोकप्रिय अ‍ॅप वापरलं होतं. त्यांतल्या ७३ टक्क्यांना या अ‍ॅपने आपल्या आजाराला हातभार लावला असं वाटत होतं.

या उदाहरणांत तंत्रज्ञान बिघडलेलं नव्हतं, ते नेमून दिलेलं काम चोख करत होतं. चुकला होता तो त्यामागचा माणसाबद्दलचा विचार. समाजातला टोमणा त्या अ‍ॅपमध्ये जसाच्या तसा उतरला होता, फक्त तो आता दिवसातून दहा वेळा, खिशातून, न थकता बोलत होता.

आधार दिल्याचं उदाहरण मात्र आपल्याच देशातलं आहे आणि ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांची निवड केली. सगळ्यांना सुरुवातीला आहार-व्यायामाचा नेहमीचा सल्ला दिला. त्यांतल्या निम्म्यांना पुढे दोन वर्षं मोबाइलवर छोटे संदेश जात राहिले. माणूस बदलासाठी कितपत तयार आहे हे पाहून ते संदेश बेतले होते. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. नुसता सल्ला मिळालेल्या गटात २७ टक्के पुरुषांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्या गटात १८ टक्के. महागडा फोन नाही, आलेख नाही, स्पर्धा नाही. साधा एसएमएस, पण नियमित, आपुलकीचा आणि त्या माणसाच्या तयारीला धरून पाठवलेला.

याच चमूचं त्याआधीचं एक काम या पुस्तकाच्या मुळाशी आहे. २००६ मध्ये त्यांनी भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष मांडले. ५३१ लोकांच्या त्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या सवयी बदललेल्यांचा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात म्हणण्यासारखी घट न होता. वजनकाट्यावर काहीच दिसत नव्हतं, तेव्हा शरीराच्या आत बदल होत होता. ज्या अ‍ॅपला फक्त वजन दिसतं, ते अशा माणसाला 'तुम्ही अपयशी ठरलात' असंच सांगणार. त्या निराशेत तो चालणं सोडून देणार, आणि खरा फायदा हातचा जाणार. म्हणून अ‍ॅपने मोजायचंच असेल तर सवय मोजावी: आज किती चाललात, किती झोपलात, जेवणात भाजी होती का, मन कसं होतं.

तिथेही आकड्यांचा जुलूम नको. रोज दहा हजार पावलं ही आज जवळपास प्रत्येक अ‍ॅपमध्ये दिसणारी संख्या वैद्यकशास्त्रातून आलेली नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली, आणि १९६५ मध्ये तिथे 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र, या नावाने एक उपकरण विकायला आलं. तिथून ती संख्या जगभर पसरली. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांमध्येही २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. सांधे दुखणाऱ्या आजींना रोज 'उद्दिष्ट अपूर्ण' असं सांगणारं अ‍ॅप त्यांचा उत्साह तर मारतंच, शिवाय चुकीचंही सांगतं.

फोनकडे एक गुण असा आहे जो दवाखान्याकडे, व्यायामशाळेकडे किंवा नातेवाइकांकडे नाही. तो एकांत देतो. ज्याला आरशासमोर व्यायाम करायची हिंमत होत नाही, तो घरच्या खोलीत दार लावून पाच मिनिटं हातपाय हलवू शकतो. जिला डॉक्टरांसमोर 'मी रात्री लपून खाते' हे म्हणता येत नाही, ती ते आधी फोनवर लिहू शकते आणि मग धीर करून सांगू शकते. अनेक वर्षं स्वतःबद्दल ऐकलेली वाक्यं माणूस पुढे स्वतःलाच ऐकवू लागतो. ही आतली हेटाळणी बाहेरच्या हेटाळणीइतकीच घातक असते. जेसन लिलिस आणि स्टीव्हन हेज यांनी २००९ मध्ये ८४ जणांच्या अभ्यासातून दाखवलं की, या विचारांशी भांडत न बसता त्यांना ओळखून आपल्या मोलाच्या गोष्टींकडे वळायला शिकवणारी एक दिवसाची कार्यशाळासुद्धा तीन महिन्यांनंतर उपयोगी ठरलेली दिसते. लाज कमी झाली, जगणं सुसह्य झालं आणि वजनही थोडं उतरलं. अशा कार्यशाळेतले छोटे सराव अ‍ॅपमध्ये उत्तम बसतात. टोमणा ऐकला त्या संध्याकाळी ते हाताशी असतात.

मग चांगलं अ‍ॅप कसं असावं? या पुस्तकात याचं सविस्तर विवेचन आहे. इथे त्याचा गाभा सांगतो. उघडताक्षणी वजन विचारू नये. ते सांगावं की नाही हे वापरणाऱ्याने ठरवावं. एखादा दिवस चुकला तर लाल अक्षरात साखळी तुटल्याची दवंडी पिटू नये. पेरणीत एखादी ओळ रिकामी गेली म्हणून शेतकरी रान सोडून देत नाही, हे भान अ‍ॅपच्या भाषेत हवं. 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रं नकोत, कारण त्यांतलं 'आधी'चं शरीर आज कोणीतरी जगत असतं. चित्रांमधली माणसं सगळ्या बांध्यांची, वयांची आणि रंगांची असावीत आणि ती जेवताना, हसताना, खेळताना दिसावीत. अन्नाला 'पाप' आणि 'शिक्षा' ही लेबलं लावू नयेत. खाण्याचा विकार असल्याची चिन्हं दिसली, तर अ‍ॅपने मोजणं थांबवून माणसाकडे, तज्ज्ञाकडे वाट दाखवावी.

आपल्या मातीत याला आणखी काही अटी जोडाव्या लागतात. बेंगळुरूत २०१२ मध्ये सुरू झालेल्या हेल्दीफायमीसारख्या अ‍ॅपनी भारतीय पदार्थांची नोंद शक्य केली, ही मोठी गोष्ट आहे. तरीही सोलापूरची कडक भाकरी आणि कोल्हापूरची जाड भाकरी, कोकणातली सोलकढी, विदर्भातला झुणका, खानदेशातलं वांग्याचं भरीत हे पदार्थ वाटी, पळी आणि मूठ या मापांतच नोंदवता आले पाहिजेत. ग्रॅम तोलून कोणी जेवत नाही. एकादशी आणि संकष्टीच्या दिवशी साबुदाणा खिचडी खाल्ली म्हणून अ‍ॅपने डोळे वटारू नयेत, आणि दिवसभर निर्जळी उपवास करणाऱ्या मधुमेही माणसाला सावध मात्र जरूर करावं. मराठी भाषांतर इंग्रजीवरून ओढून आणलेलं नको. 'तुमचे ध्येय चुकले' यापेक्षा 'आज जमलं नाही, उद्या बघू' हे आपल्या घरातलं बोलणं आहे.

आपल्या स्त्रियांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण ५४ टक्के होतं. अनेक घरांत फोन एकच आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. अशा घरात बाईने लिहिलेलं मन कोणाच्या हाती लागेल, याची भीती खरी आहे. जिच्याकडे फोन आहे ती झाडलोट, धुणीभांडी, पाणी भरणं, शेतातली खुरपणी करताना तो फळीवर ठेवते. संध्याकाळी अ‍ॅप तिला सांगतं, आज तुमची हालचाल कमी झाली. दिवसभर राबून सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईला असं सांगणं हा तिच्या श्रमांचा अपमान आहे. घरकाम आणि शेतकाम स्वतः नोंदवण्याची सोय देणं अवघड नाही. ते लक्षात येण्यासाठी तिचा दिवस पाहावा लागतो. गावातल्या आशा ताई तीस वर्षांवरच्या माणसांसाठी तपासणीची जी यादी भरतात, तिच्यात कमरेचा घेर मोजावा लागतो. टेप लावताना आशा ताईंनी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे शिकवणारा अ‍ॅपमधला छोटासा धडा कितीतरी बायकांना पुढच्या तपासणीला परत आणील.

एकमेकांना आधार देणारे फोनवरचे गट आपल्याला नवे नाहीत. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दिवसातून दोनदाच जेवण्याच्या मोहिमेने व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमधून महाराष्ट्राच्या गावागावांत आहाराबद्दल बोलणं सुरू केलं. त्या आहारपद्धतीबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद असतील. पण एकमेकांना धरून चालण्याची ताकद तिथे दिसली. ही ताकद जपायची तर अशा कोणत्याही गटात वजनकाट्याच्या छायाचित्रांची चढाओढ होऊ देता कामा नये. ज्याचा काटा हलत नाही तो आधी गप्प होतो, मग निघून जातो. आणि आधाराची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते.

माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्नही हेटाळणीचाच प्रश्न आहे. वजन, पाळी, झोप, मनःस्थिती या नोंदी विमा कंपनीच्या किंवा जाहिरातदाराच्या हाती गेल्या, तर तीच टिंगल पैशाच्या रूपात परत येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पालकांनी हा हक्क ओळखला पाहिजे आणि मागितलाही पाहिजे. शाळांनी तर मुलांचं वजन वर्गात मोठ्याने वाचून दाखवणं आजपासून बंद करावं. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहायला नको.

२०२५ मध्ये भारतात वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं उपलब्ध झाली आणि या विषयाला नवं वळण मिळालं. औषध घेणाऱ्याला आता 'सोपा मार्ग धरला' असा टोमणा मिळू लागला आहे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण असं बोलत नाही. औषध, शस्त्रक्रिया, आहार, व्यायाम किंवा यांतलं काहीही न करणं, हा निर्णय त्या माणसाचा आणि त्याच्या डॉक्टरांचा आहे. अ‍ॅपने त्या निर्णयाला साथ द्यावी, त्याचा न्यायनिवाडा करू नये.

या पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात हेटाळणीचं शास्त्र आहे: ती शरीरावर आणि मनावर कशी काम करते, दवाखान्यात, शाळेत आणि घरात ती कशी ओळखायची. दुसऱ्या भागात अ‍ॅप कसं निवडावं, कसं वापरावं आणि कधी बंद करावं हे सामान्य वाचकासाठी सांगितलं आहे. तिसरा भाग अ‍ॅप बनवणारे, डॉक्टर, आहारतज्ज्ञ, शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या यांच्यासाठी आहे. पुस्तक सलग वाचलं पाहिजे असं नाही. ज्याला आज आधार हवा आहे त्याने दुसरा भाग आधी उघडावा. ज्याला इतरांना आधार द्यायचा आहे त्याने पहिला.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या फोनमधलं आरोग्याचं अ‍ॅप उघडा आणि ते तुमच्याशी कसं बोलतं ते नीट वाचा. ते तुम्हाला लाजवत असेल, तर ते काढून टाका आणि का काढलं ते बनवणाऱ्यांना लिहून कळवा. मागणी बदलली की साधनं बदलतात. आणि पुढच्या लग्नात, पुढच्या भेटीत कोणाच्या वजनावर बोलायचं तुमच्या ओठांवर येईल, तेव्हा त्याऐवजी त्या माणसाला विचारा की तो कसा आहे, आणि तो जे सांगेल ते पूर्ण ऐका. अ‍ॅप कितीही चांगलं झालं तरी हेटाळणी थांबवण्याचं काम शेवटी आपल्यालाच करायचं आहे, आणि ते आजच सुरू करता येतं.